तपासणी मंडळाच्या खुर्च्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, राष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे आजी-माजी पदाधिकारी, लष्कराच्या, पोलिसांच्या आणि खासगी तबेल्यांच्या संघांचे प्रतिनिधी (तुम्ही सगळे आज एकाच रांगेत बसला आहात, याची इतिवृत्तात नोंद व्हावी), आणि सरावातून थेट, बूटही न बदलता आलेल्या खेळाडू मुलामुलींनो, सर्वांना नमस्कार. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या निवृत्त होणाऱ्या सचिव बाईंना वेगळा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे 'पिण्यास योग्य' किंवा 'अयोग्य' एवढं लिहिलं की काम संपायचं. पण अध्यक्ष महोदय म्हणाले, "डॉक्टर असते तर तेच बोलले असते, आता तुम्ही बोला." आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, मागच्या वर्षी गेले. महासंघाच्या घोड्यांचे ते डॉक्टर. त्यांच्या वतीनं बोलायचं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

बाहेरच्या माणसांना वाटतं, घोड्यांचा महासंघ म्हणजे काय, चषक वाटायचे आणि फोटो काढायचे. बाईंनी काय काय सांभाळलं ते मी घरबसल्या, ह्यांच्या फोनवरून ऐकलं आहे. संघ निवडायचा, तर लष्कर म्हणणार घोडे आमचे, तबेलेवाले म्हणणार स्वार आमचे. परदेशात स्पर्धा असली की स्वाराला विमानात बसवणं सोपं, घोड्याला बसवणं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड नेणं. त्याची रक्ततपासणी, त्याचा विलगीकरणाचा काळ, त्याचा पासपोर्ट. एकदा एका घोड्याची सगळी कागदपत्रं तयार आणि त्याच्या स्वाराचा व्हिसा राहिलेला. बाई अधिकाऱ्याला म्हणाल्या होत्या, "मग घोड्यानं एकट्यानं जाऊन काय करायचं, भाषण?"

तुमच्या माघारी तुम्हाला सगळे 'लगामबाई' म्हणतात. हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे आम्हालाही माहीत आहे.

ह्या खेळात खेळाडू दोन, पण तक्रार करता येते एकालाच. म्हणून प्रत्येक स्पर्धेआधी सकाळी तपासणी होते. खोगीर काढून घोडा आणायचा, सपाट कडक जमिनीच्या पट्टीवर आधी चालवायचा, मग दुडक्या चालीनं पळवायचा. मंडळ बघणार, डॉक्टर सांगणार, आणि बाई ध्वनिक्षेपकावर 'मान्य' किंवा 'अमान्य' जाहीर करणार. चाल बघायची ही सवय ह्यांना घरातही सुटली नाही. आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा दारातून आत आला, आणि हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मागचा उजवा दुखतोय का?" मी टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला. मुलगा म्हणाला, "हो काका, क्रिकेट खेळताना मुरगळलाय. पण मला मागचे-पुढचे नाहीत, दोनच आहेत." त्या उत्तरावर मुलगी हसली आणि लग्न ठरलं. जावईबापू इथेच बसले आहेत.

विषयावर येते. ह्यांच्या दुखण्यानं पायातलं बळ गेलं. थोडा वेळ उभं राहणंसुद्धा जमेना. आणि आपल्याकडची पद्धत अशी की तपासणी मंडळ उभं राहूनच घोडे बघतं. घोड्याचा मान म्हणून, असं जुनी मंडळी सांगतात. हे म्हणाले, "मी राजीनामा देतो." मला भीती एकच होती. हे काम सुटलं, तर घरी बसून हा माणूस फक्त आजारी राहील.

बाई घरी आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्यासाठी एक खुर्ची टाकू की."

"सगळे उभे आणि मी एकटा बसलेला? मग लोक घोडा बघतील की मला?"

"लोकांना काय बघायचं ते बघू दे."

"बाई, ज्याची स्वतःची चाल गेली त्यानं दुसऱ्याची लंगड शोधायची, हे मला शोभत नाही. नकोच."

बाईंनी चहा संपवला आणि जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, राष्ट्रीय स्पर्धेच्या तपासणीला त्यांना आणा. बाकी माझ्यावर सोडा."

आम्ही गेलो. बघतो तर पट्टीच्या कडेला खुर्च्याच खुर्च्या. सबंध मंडळाला. घोडदळातून निवृत्त झालेले आपले मिशीवाले काका तावातावानं म्हणत होते, "आम्ही इथे घोडे बघायला आलोय की नाटक?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, बसलं की नजर घोड्याच्या गुडघ्याच्या रेषेत येते. आता अशीच पद्धत आहे." कुठे आहे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. काका बसले. मुख्य पंच बसले. मग हे बसले. (गंमत सांगते, पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांतही खुर्च्या आल्या, आणि तिथे ह्याला शास्त्रीय कारण आहे असं सांगतात.)

घोडे येत गेले. मान्य, मान्य, मान्य. मग आला तो करडा घोडा, आंतरराष्ट्रीय संघात ज्याची जागा सगळे धरूनच चालले होते. त्याची स्वार म्हणजे बाईंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. घोडा पळाला. मला काही दिसलं नाही. हे म्हणाले, "पुन्हा." पुन्हा पळाला. "पुन्हा."

भाची म्हणाली, "डॉक्टरकाका, तो सकाळी जरा आळशी असतो हो!"

"आळशी नाही बाळा. पुढचा डावा पाय राखतोय तो, त्यावर भार देत नाही."

मागून कुणीतरी बोललं, "बसून काय दिसणार ह्यांना?" दुसरा म्हणाला, "दुसरे डॉक्टर बोलवा ना." मुख्य पंचांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी दुसरं मत मागवलं असतं, तर कुणीही नावं ठेवली नसती. नियमात ती सोय आहे. मी ह्यांच्या मागे उभी होते, ह्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर उठायला जाईल आणि पडेल.

बाईंनी फक्त विचारलं, "डॉक्टर, तुमची खात्री आहे?"

"आहे."

बाईंनी ध्वनिक्षेपक घेतला, घोड्याचं नाव घेतलं, भाचीचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "अमान्य." आवाज जराही हलला नाही.

पुढे त्या घोड्याच्या खुराच्या आतल्या हाडाला बारीक चीर निघाली. उडीच्या वेळी काय झालं असतं ते मी सांगायला नको. तो बरा झाला, आता पळतो, आणि भाची आज पहिल्या रांगेत आहे. बाईंच्या बहिणीनं मात्र सबंध मोसमभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. महासंघ चालवणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं.

बाई, आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. घरी जाताना गाडीत हे म्हणाले, "खुर्च्या माझ्यासाठी होत्या ना?"

मी म्हटलं, "कळलं तुम्हाला?"

"मी काय आंधळा आहे? बसलो त्याच क्षणी कळलं. ती दया होती. रागही आला. पण बाईंनी एवढी खटपट केली म्हणून बसलो."

"आणि आता?"

"आता राग नाही. भाचीचा घोडा अडवला, ती दया नव्हती."

त्यानंतर त्यांनी राजीनामा दिला, आणि तो हसत दिला; आपल्या शब्दाला अजून वजन आहे, हे त्यांनी बघितलं होतं. बाईंना हे तुम्ही स्वतः सांगा, असं मी दोनदा म्हटलं. पण अशा गोष्टी त्यांना कधी बोलता आल्या नाहीत. मलाही येत नाहीत. आज एवढ्या लोकांत बोलावं लागलं, म्हणून बोलले.

बाई, तुम्ही त्यांच्या शब्दाचा मान शेवटपर्यंत राखलात. तुमचे आभार मानते. मला बोलायला बोलावलं म्हणून महासंघाची, आणि एवढा वेळ ऐकून घेतलं म्हणून तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. काका, तुमच्या मिशांचा उल्लेख झाला, शिवाय कुणाचं पद किंवा मान चुकून पुढे-मागे झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नमस्कार.