लाल स्वेटर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी नंबराची वाट बघत बसली होती.

"बाबा, समोरच्या भिंतीवर तुमचं पोस्टर आहे."

"माझं? मला नुसतं धुकं दिसतंय. कुठलं गं?"

"आई मुलीच्या डोळ्यात थेंब घालतेय, ते."

"अगं, ती आई म्हणजे तुझीच आई, आणि ती रडकी तू! धड बसत नव्हतीस, तीन दिवस लागले मला. खाली माझं नाव नसेलच."

"नाहीये."

"आमच्या खात्यात कुणाचंच टाकत नसत. जन्मभर बिननावी चित्रं काढली. बरं, आईचा स्वेटर कसा दिसतोय?"

"लालभडक."

"त्या भिंतीवर ऊन येतं का?"

"येतं की. का?"

"छपाईतला लाल उन्हात आधी उडतो. निळा तग धरतो. साहेब म्हणाले होते, स्वेटर निळा करा. पण तिचा लालच होता, मीही हट्टाला पेटलो. पांढरा पडलाय ना?"

"हो, बाबा."

"मग लाल का म्हणालीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"शेवटच्या आजारात तुझी आई मला विचारायची, 'माझा चेहरा फार उतरलाय का हो?' मी म्हणायचो, छे, होतीस तशीच आहेस."

"आणि तिला पटायचं?"

"नाही. पण रोज विचारायची."