अण्णांच्या पंख्याची पिन

तुम्ही साहेबाला उलट बोलल्याचं काय कौतुक सांगता! मी तर मालकाचा चालता पंखा बंद केलाय.

लोडशेडिंगचे दिवस. सातपूरला साच्यांचं वर्कशॉप, मी डिझाईनला. माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर एका साच्याचं गणित तीन दिवस चालू होतं. लाईट गेली की मी मशीन हायबरनेट करायचो. म्हणजे चालू प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवायचे, सगळं डिस्कवर लिहायचं आणि बंद. लाईट आली की तिथूनच पुढे. पण एक जरी गोठला नाही, तर बाकीचेही परत जागे होतात.

त्या दुपारी नेमका एक प्रोग्रॅम अडला. पलीकडच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून फाईल आल्याशिवाय गोठेना. दोन्ही मशीन यूपीएसच्या बॅटरीवर, पण त्यांना जोडणारा हब बंद. कारण यूपीएसच्या शेवटच्या सॉकेटला आमच्या मालकांचा, अण्णांचा, टेबलफॅन!

बॅटरी संपत आली, यूपीएस बोंबलायला लागला.

"जो झोपत नाही त्याला मारून टाक," अण्णा म्हणाले.

"अण्णा, गणित तोच करतोय!"

मी पंख्याची पिन उपटली, हबची घातली.

"अरे, घामाने मेलो मी!"

"दोन मिनिटं मरा!"

फाईल आली, तो गोठला, मशीन गपगार. दोन तासांनी लाईट आली आणि गणित होतं तिथून पुढे सुरू. मी गुपचूप हबची पिन काढून पंखा परत यूपीएसला लावला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर पळत आलो, तर हब आधीच यूपीएसवर, आणि अण्णा वहीने वारा घेत बसलेले.