बाकांचा रंग

किनाऱ्यालगतचा रस्ता सुधारायचा म्हणून लोकांकडून मतं लिहून घेत होते. भिंतीवर नव्या रस्त्याचं चित्र लावलं होतं. रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या.

“जाऊबाई, आपण जाळी वाळत घालतो तो कट्टा कुठंय यात?”

“पाडलाय. तिथंच हे बाक आलेत.”

“त्यावर हा म्हातारा कोण बसलाय?”

“समुद्र बघतोय.”

“भरदिवसा? मग आपल्यातला नव्हे.”

“ते राहू दे. कागदावर काय विचारलंय ते वाच.”

“बाक निळे हवेत की हिरवे.”

“बाक हवेत का, ते नाही विचारलं?”

“नाही. खाली ‘इतर सूचना’ अशी एक ओळ आहे.”

“मागच्या खेपेला त्याच ओळीत लिहिलं होतं, कट्टा ठेवा म्हणून. साहेब म्हणाले, सूचना छान आहे, पण रंगाबद्दल बोला.”

“मी तर निळ्यावर खूण करून बसले.”

“खोड ती. हिरव्यावर कर.”

“का हो?”

“आपली जाळी हिरवी आहेत. बाकांवर वाळत घातली तर साहेबांना लांबून दिसायची नाहीत.”