पेंग्विन आणि संत्राबर्फी

ताडोबा दारात असून मी आन् माह्या दोस्त बबन, आम्ही दोघं म्हातारे ऑस्ट्रेलियात पेंग्विन पाहाले गेलो, हसा तुम्ही. बबनचा पोरगा तिथंच राहते. तोही सोबत येणार होता, पण सकाळी आम्हाले बसमध्ये बसवून ऑफिसात गेला. वाटेत त्याले खाऊ घालू म्हणून नागपूरहून आणलेली संत्राबर्फी बबनच्या मांडीवर तशीच राहिली.

संध्याकाळी पेंग्विन समुद्रातून डुलत आले आन् पिल्लांच्या तोंडात मासोळी घालू लागले.

मी म्हटलं, "पाह्य गा बबन्या, तुह्याच जातीचे हायेत."

"नाही गा. गाईड सांगून राहिला, पिल्लू मोठं झालं का हे त्याच्या मागं जात नाहीत."

मग बर्फीचा डबा माह्यापुढं उघडून म्हणे, "खाय. हा त्याच्या घरी वापस न्यायचा नाही."