ग्रामसभेचा फोटो

२६ जानेवारी. सकाळी धुकं, नंतर कोरडी थंडी.

आता तुम्हीच सांगा, ग्रामसभा कशासाठी असते? आमच्या वस्तीचा नळ दिवाळीपासून कोरडा आहे. पिण्याचं पाणी आम्ही पलीकडच्या कुरुंदा गावाहून आणतो. हा विषय सभेत काढायचाच, म्हणून हळदीचं काम सोडून सगळे गेलो. पण हल्ली सभा झाल्याचा पुरावा म्हणून तिचा फोटो सरकारी ॲपवर टाकावा लागतो. ग्रामसेवक आल्या आल्या म्हणाले, "आधी फोटो काढू. मला अजून एका गावची सभा घ्यायचीय."

मागच्या वेळी फोटो निघाला आणि सभा तिथंच संपली होती. म्हणून शेजारच्या कांताबाई ग्रामसेवकांच्या मोबाइलकडे पाठ करून बसल्या. त्यांचं बघून बाकीच्या बायकाही फिरल्या.

"मावशी, तोंड इकडं करा ना!"

"आधी नळाचं बोला साहेब, मंग तोंड दावतो."

"काहून तकलीफ देऊन राहिल्या?"

"आमी देऊन राहिलो व्हय? कुरुंद्याहून पाणी तुमी आणता का?"

सरपंच म्हणाले, "राहू द्या हो. पाठ तर पाठ, माणसं दिसली म्हंजे झालं."

फोटो निघाला. ॲपने तो घेतला. त्यात बायकांच्या पाठी दिसतात आणि सरपंच हसताना दिसतात. सभा पार पडल्याची नोंद झाली. नळाचा विषय पुढच्या सभेवर गेला.