शकूनची मुजोरी

मंडळी, शकूनच्या शोकसभेला तिच्या अंगणात आज पाय ठेवायला जागा नाही, आणि बोलायला तुम्ही मला उभं केलंत. जमेल तेवढं बोलते.

मिशनच्या शाळेत असताना वसतिगृहाच्या हौदावर आम्ही दोघी एकमेकींचं डोकं धूत होतो. वरून सिस्टरनी हाक मारली, आत्ताच्या आत्ता या. मी शिकेकाईनं माखलेल्या केसांनी धावले. शकून खालूनच म्हणाली, "डोकं धुवून येतो, सिस्टर." आणि धुवूनच आली. सिस्टरनी फळ्यावर शब्द लिहिला, अवज्ञा. अर्थ सांगितला, मोठ्यांचं न ऐकणं. माझे डोळे चुरचुरत होते. तिचे केस स्वच्छ, मोकळे. तेव्हा मला पहिल्यांदा तिचा हेवा वाटला.

पुढे दोघी कुरखेड्याजवळच्या या गावात सुना होऊन आलो. इथे त्यालाच मुजोरी म्हणतात. जू मानेवर घेत नाही तो बैल मुजोर. आणि ऐकत नाही ती बाई मुजोर. पुरुषाला हा शब्द लावलेला मी ऐकला नाही. तो बाणेदार असतो.

शकूनचा नवरा गेला. पेरणीची पहिली मूठ विधवेनं टाकू नये, ही आपली रीत. ती ओटीत धान घेऊन बांधावर उभी राहिली. पाटील म्हणाले, "शकूबाई, मुजोरी नका करू."

"काऊन भाऊ? चिखलात रोवणी कराले हे हात चालते. मुठीलेच काऊन नाई चालत?"

टाकली मूठ. धान उगवलं, सगळ्यांसारखंच.

मग मीही विधवा झाले. माझ्या शेतात दीर मूठ टाकतात. मी बांधावर. शकून चिडवायची, "सुमन, तू तं श्वासबी दिराले पुसून घेते."

खरं सांगते, मी जळत होते तिच्यावर. मला सगळे गुणाची म्हणतात. परवा तिच्या अंत्ययात्रेला रस्ता पुरला नाही, तेव्हाही जळले. गुणाच्या बाईसाठी एवढं कोण येतं?

जाण्याआधी तिनं माझ्याजवळ वाटण्या सांगितल्या. लुगडी दोन्ही सुनांना. शेळ्या लेकीला. बियाण्याची दुरडी मला. आत्ताच माझे दीर कानाशी म्हणाले, "वयनी, दुरडीचं नका बोलू, लोक आयकून राह्यले."

ऐकू द्या, भाऊजी. येत्या पेरणीला आपल्या धानाच्या बांधीत मूठ मी टाकणार आहे.

आता सगळे उभे राहा. शकूनसाठी क्षणभर गप्प राहू. मग सुनांनी लुगडी घ्यावीत, लेकीनं शेळ्या सोडून न्याव्यात. दुरडीला कोणी हात लावू नका. ती मी नेते.