सव्वीस वर्षांचे सत्तावीस

...नाही नाही नाही, सल्ला तेवढा मागू नका! चहा मागा, पेन मागा, रजेच्या अर्जावर सही मागा, पण ‘हिशेबाच्या कामात नवीन आहोत, दोन शब्द सांगा’ म्हणालात ना, की माझे हातपाय गार पडतात. अहो, मागच्या महिन्यात असेच दोन शब्द सांगून बसलो! कुणी सांगितलं होतं मला तोंड उघडायला?

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे एक मुलगी नोकरीला लागली. नुकतीच परीक्षा पास झालेली, चष्मा हा एवढा, आणि आवाज... आवाज नाहीच! पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी उभी. ‘काका, काही समजलं नाही तर काय करू?’ आता मी सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत झिजलेला माणूस, एक तारखेला मुख्य हिशेबनिसाची केबिन मिळायची, बायकोने केबिनच्या पडद्यांचं कापडसुद्धा आणून ठेवलेलं... छाती फुगली हो! म्हटलं, ‘विचारायचं! कुणालाही, कधीही! लाजायचं नाही!’ कुणी सांगितलं होतं मला?

आठ दिवसांत ऑडिटर आले. हसणंसुद्धा खर्चात धरणारा माणूस! साहेब बसलेत, मी बसलोय, बिस्किटं फिरताहेत, सगळं कसं सुरळीत... आणि कोपऱ्यातून तो नसलेला आवाज आला! ‘काका, समजलं नाही म्हणून विचारते हं... सस्पेन्स खात्यात हे सत्तावीस रुपये कसले?’

माझं बिस्कीट चहात पडलं.

सस्पेन्स खातं म्हणजे काय, तर ज्या फरकाचा पत्ता लागत नाही तो तात्पुरता ठेवायची जागा. तात्पुरता! आणि माझे सत्तावीस तिथे सव्वीस वर्षं मुक्कामाला! दरवर्षी मी ते गुपचूप पुढच्या वर्षात ओढायचो, एवढ्याशा रकमेकडे बघतंय कोण? ऑडिटर म्हणाले, ‘सव्वीस वर्षं? हं.’ ते ‘हं’ ऐकलंय का कधी? न ऐकलेलंच बरं! साहेब माझ्याकडे बघताहेत, मी पंख्याकडे बघतोय, आणि ही बया हळूच म्हणते, ‘फरकाला नऊने भाग जातोय, म्हणजे लिहिताना कुठेतरी दोन आकडे उलटे पडले असणार.’ आणि गेली की हो तळघरात! दोन तासांनी धुळीने माखून वर आली, हातात जुनं रजिस्टर. बिल छत्तीसचं, नोंद त्रेसष्टची. अक्षर कुणाचं? माझं! तारीख? माझ्या नोकरीचा तिसरा दिवस!

आठवतोय हो मला तो दिवस. ताळा जुळेना, आणि विचारायची लाज वाटली. म्हणतील, हा पास तरी कसा झाला! एक प्रश्न गिळला तो गिळला, सव्वीस वर्षं घशातच अडकून राहिला.

घरी आलो तर बायको म्हणते, ‘कापड परत करू का?’ नको म्हटलं. केबिन मिळाली, खोटं कशाला बोलू? पण साहेबांनी अट घातली, ‘तुमची प्रत्येक नोंद आधी ती तपासेल.’ तपासेल! माझी! ती! आणि काल माझं पहिलंच व्हाउचर परत आलं. कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘काका, समजलं नसेल तर विचारा. लाजायचं नाही.’

कुणी सांगितलं होतं मला तोंड उघडायला...

गेलो मग विचारायला. काय करता!